तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात उतरायचंच नाही, मग जाता कशाला?

हिवाळ्यात आम्ही सगळे वैतरणेच्या काठावर तंबू लावून राहतो म्हटलं की लोक खूश होऊन विचारतात, ‘मुलं मस्त डुंबत असतील ना?’ नाही, पाण्यात कोणीच उतरत नाही, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग नाशिकहून एवढ्या लांब जाता कशाला?’ इतक्यांनी विचारलंय की एकदा सविस्तर सांगतेच.

आधी उतरू का देत नाही ते. आपण त्याला तलाव म्हणतो, पण ते इगतपुरी तालुक्यातलं ऊर्ध्व वैतरणा धरण आहे, म्हणजे पाण्याने भरलेलं खोरं. तळाशी जुने बांध, नाले, झाडांचे बुंधे असतात. काठाला गुडघाभर पाणी, आणि दोन पावलांवर एखादा जुना नाला लागला की एकदम डोक्यावर. वरून काहीच कळत नाही. त्यात जानेवारीपर्यंत पाणी बरंच मागे सरलेलं असतं आणि गाळ उघडा पडतो. वर उन्हाने तडकलेली खपली, खाली ओला चिखल. मोठ्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो, लहान मुलाचा गुडघ्याच्या वर, आणि घाबरून धडपड केली की आणखी रुततो. पोहता येणारी माणसंही अशा ठिकाणी बुडतात. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात. दर उन्हाळ्यात अशी बातमी येते आणि ती वाचताना माझ्या पोटात कालवतं. म्हणून आमच्याकडे यावर चर्चा नाही. पाहुण्यांची मुलं बरोबर असली तरी नाही, आणि त्यांचे आईवडील रुसले तरी नाही.

आता तिथे करतो काय. पोचल्यावर तंबू काठापासून चांगले वर, उंचवट्यावर लावतो. जागा एका शेतकरीदादांची, आधी फोन करून विचारलेली. तंबूंचं काम झालं की मी धाकटीला घेऊन, पायाखालची जमीन टणक आहे तिथूनच, काठाकडे जाते. उतारावर पाणी मागे हटल्याच्या रेषा असतात, एकाखाली एक, कुठे शिंपले अडकलेले, कुठे वाळलेलं शेवाळ. पाण्याच्या कडेला मी एक काटकी रोवते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी तोंड न धुता आधी काटकी बघायला निघते, अर्थात माझा हात धरून. वारा पडलेला असला तर स्पष्ट दिसतं: पाणी काटकीपासून वीतभर लांब गेलेलं असतं. पातळी उतरलेली असते जेमतेम बोटभर, पण उतार सपाट असल्यामुळे कडा तेवढी मागे सरकते.

‘कुठे गेलं गं पाणी?’ तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला फार आनंद झाला. काही वाफ होऊन गेलं. बाकीचं आधी वीज तयार करतं, मग खाली मोडकसागर धरणात जातं आणि तिथून मुंबईच्या नळांना. दादरच्या मावशीच्या बादलीत हेच पाणी पडतं, हे कळल्यापासून धरणाच्या काठावर साबणाने भांडी घासायची गोष्ट मुलंच कोणाला करू देत नाहीत. आम्ही खरकटं राखेने पुसून घेतो आणि भांडी घरी आणून घासतो. गोदावरी आणि वैतरणा, दोघींचा उगम त्र्यंबकच्याच डोंगरांत. एक पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, दुसरी पश्चिमेला अरबी समुद्राकडे. आमच्या घरी गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि इथलं मुंबईला जातं, हे थोरल्याने त्या डोंगररांगेकडे बोट दाखवत आजीला समजावून सांगितलं. पुस्तकातल्या नकाशाने त्याला ते कधी कळलं नव्हतं.

रात्रीचं जेवण दादांच्या घरून येतं: नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. मग सासूबाई खुर्चीत शाल पांघरून बसतात आणि सगळ्यांना मान वर करायला लावतात. मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली झगझगीत व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. शहरात कृत्तिका मुलांना नीट दिसतच नाहीत. काठावर टिटवी ओरडत असते. पहिल्या वर्षी मुलं तिला घाबरायची, आता ती ओरडली नाही तर विचारतात.

थंडी मात्र खरी असते. घोटीच्या पुढे गार वारा अंगाला झोंबतो आणि पहाटे तंबू आतून ओला होतो, म्हणून वरची झडप थोडी उघडीच ठेवावी लागते. एक गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगते: कितीही गारठा असो, पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत घेऊन झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही आणि माणूस उठत नाही. दोन गोधड्या जास्त घ्या, टोपी घालून झोपा. सकाळी बूट झटकून मगच घाला. जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते दिवसाउजेडीच विचारून ठेवा.

राहिलं पोहणं. मुलं पोहतात की! उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी महापालिकेच्या तरणतलावावर, शिकवणारे सर काठावर उभे असताना. थोरला आता न थांबता दोन्ही टोकं गाठतो. तोही वैतरणेला काठावरच बसतो.