पक्ष, साध्य, रचना, सिद्धता

आमच्या वेळी दहावीला बीजगणिताचे ७५ आणि भूमितीचे ७५ असे गणिताचे १५० गुण असत. पण गावात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात लोक एकच विचारायचे, "गणित सुटतंय का?" मुलाचं अडलं तर तो ऑक्टोबरला पुन्हा बसायचा. मुलीचं अडलं की तुळशीचं लग्न होताच पाहुणे यायचे. त्या धास्तीनं आम्ही मुली भूमितीसुद्धा पाठ करायचो.

मी आठवीपर्यंत दुसऱ्या शाळेत होते. तिथे गणिताचे पेपर गुणांच्या उतरत्या क्रमानं वाटत आणि शेवटच्या पाच जणांना बाकावर उभं करत. मी चारदा उभी राहिले.

नववीच्या सहामाहीत नव्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी पायथागोरसचं प्रमेय विचारलं. ते मला तोंडपाठ होतं, पण पुस्तकातल्या एबीसीचं. सरांनी त्रिकोण पीक्यूआर दिला आणि काटकोन आरपाशी ठेवला. पुस्तकात मधल्या अक्षरातून लंब टाकलेला, म्हणून मी क्यूमधून टाकला. तो क्यूआर बाजूवरच जाऊन बसला. पुढे काही सुचेना. मी अख्खं पान गिरगटून काळं केलं.

पेपर मिळाला तेव्हा त्या काळ्या पानावर ५ पैकी २ गुण होते.

"उजेडाला धरून वाचलं," सर म्हणाले. "पक्ष, साध्य बरोबर आहे. लंब तिथूनच का टाकलास, लेकरा?"

चूक का झाली, हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. पायऱ्यांना गुण असतात असं सगळेच शिक्षक सांगायचे, पण सर त्या पायऱ्या वाचायचे. त्यांनी मला निंबाखाली नेलं, मातीत काडीनं त्रिकोण काढला, अक्षरं घातलीच नाहीत. "आता टाक लंब." मी काटकोनातून टाकला. आतले दोन्ही त्रिकोण मोठ्याशी समरूप आहेत, हे मला तेव्हा दिसलं. त्याआधी ते मी फक्त म्हणत होते.

दहावीत आमच्या वर्गातल्या दोघी गणितात राहिल्या. निकालाच्या चौथ्या दिवशी सर दोघींच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. ऑक्टोबरचा फॉर्म भरा, शिकवायचं माझ्याकडे लागलं, म्हणाले. एकीच्या बापानं ऐकलं. ती ऑक्टोबरला सुटली. दुसरीच्या घरी चहा मिळाला, होकार नाही. परतताना सर वाटभर बोलले नाहीत.