पिवळा गूळ का ठेवत नाही?

"वहिनी, पिवळा गूळ नाही का?"

दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. माझं दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीच्या जवळच. आमच्याकडचा गूळ तांबूस असतो, कधी गडद मधासारखा, कधी त्याहून काळपट. लोक खडा हातात घेतात, दाराशी उजेडात नेऊन बघतात आणि परत ठेवतात. काही जण बरोबर उलटं विचारतात, "काळा आहे म्हणजे सेंद्रिय ना?" मागं गिऱ्हाईक थांबलेलं असताना याचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं लिहिते.

माझं माहेर भोगावती नदीच्या काठचं. घरचं गुऱ्हाळ होतं. दसरा झाला की चरक सुरू व्हायचा आणि शिमग्यापर्यंत आमच्या अंगाला, कपड्यांना, वह्या-पुस्तकांनासुद्धा उकळत्या रसाचा वास असायचा. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडला की खालून चिपाडाचा जाळ. रस तापला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. मळी जितकी निघेल तितका गूळ निर्मळ, आणि ती निघावी म्हणून रसात भेंडीचं पाणी घालायचं. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवली की पाणी बुळबुळीत होतं. तो चिकट द्राव रसातली घाण धरून वर आणतो. गूळ शिजवणारे आमचे गुळव्या मामा दोन बोटांत पाक घेऊन थंड पाण्यात सोडायचे, गोळी करायचे आणि ती काहिलीच्या काठावर मारायचे. टण्ण आवाज आला की "उतरा रे" अशी आरोळी. तोवर कुणी बोलायचं नाही, कारण तो आवाज ऐकू यायला हवा. मग पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा आणि कापड लावलेल्या साच्यांत भरायचा. तीस किलोची ढेप, म्हणजे रवा, तयार.

त्या गुळाचा रंग ठरलेला नसे. माळाच्या उसाचा वेगळा, नदीकाठच्या मळीच्या रानातल्या उसाचा वेगळा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा आणखी वेगळा. आण्णा, म्हणजे माझे वडील, रंगावरून शेत ओळखायचे.

बाजाराला मात्र एकच रंग हवा होता. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर गेला. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आपला बराचसा गूळ गुजरातेत जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो, असं सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मी सातवीत होते तेव्हा आण्णांबरोबर सौद्याला गेले होते. खरेदीदारानं रव्याचा कोपरा फोडला, तोंडात टाकला, मान डोलावली आणि म्हणाला, "चव झकास आहे, पण रंग न्हाई." शेजारच्या पिवळ्या गुळाला आमच्यापेक्षा चांगला दर मिळाला. परत येताना आण्णा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या हंगामात आमच्या गुऱ्हाळात पांढऱ्या पावडरीचा डबा आला. हायड्रॉस म्हणतात तिला. पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाईट, कापडाचा रंग घालवायला वापरतात तीच. मूठभर पावडर काहिलीत टाकली की बघता बघता तांबूस पाक सोनेरी होतो. लहानपणी मला ती जादू वाटली होती. त्याच वेळी पेटवलेल्या काडीसारखा उग्र वास यायचा आणि काहिलीवर वाकलेल्या गुळव्या मामांना खोकल्याची उबळ यायची. तो वास गंधकाच्या वायूचा, सल्फर डायऑक्साईडचा. पुढं मामांना दम्याचा त्रास सुरू झाला. तो त्या पावडरीनंच झाला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, चुलवाणाचा धूरही जन्मभर त्यांनी गिळला होता. पण डबा उघडला की ते तोंडाला टॉवेल बांधायचे, हे मी बघितलेलं आहे.

खाणाऱ्याचं काय? पावडरीतला गंधक थोडा गुळात राहतो. तो किती राहावा याला कायद्यानं मर्यादा आहे. प्रमाणात असेल तर बहुतेकांना काही होत नाही. पण दमा असलेल्या काही माणसांना सल्फाईटनं श्वास लागतो, आणि अन्नातलं बी-1 जीवनसत्त्व सल्फाईटमुळं नष्ट होतं. गुऱ्हाळावर पावडर मोजायला वजनकाटा नसतो, मूठच असते, आणि रंग येईपर्यंत मूठ थांबत नाही. म्हणून मला भीती वाटते ती मुठीची. शिवाय हा रंग टिकतही नाही. दोन-तीन महिने साध्या कोठारात ठेवला की असा गूळ परत काळवंडतो, मग रंग जपायला शीतगृह आलं, त्याची वीज आली.

आता खरं सांगायचं ते पुढंच आहे. गूळ काळा पडतो तो नुसता काहिलीत नव्हे, त्याच्या वर्षभर आधी, रानातही. उसाला नत्र, म्हणजे युरियातून मिळणारं नायट्रोजन, जास्त झालं की ऊस वाढतो जोरात, टनेज निघतं, पण रसात गूळ बिघडवणारे घटक वाढतात. गूळ मऊ पडतो, ओला सुटतो, रंगानं काळा येतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, आणि आमच्याकडे लोक त्याच्यावरही दोन पोती जादा टाकतात, कारण शेजाऱ्यानं टाकलेली असतात. या नत्रातलं पिकाला लागू पडतं ते निम्म्याहून कमी. पाटानं पाणी सोडलं की उरलेलं विहिरीत जातं, ओढ्यात जातं, थोडं हवेत. हवेत जाणारा नायट्रस ऑक्साईड पृथ्वी तापवण्यात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 270 पट भारी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नेईनासं होऊ शकतं.

आणि पंचगंगा तुम्ही पाहतच आहात. उन्हाळ्यात घाटावर उभं राहिलात तर पाणी दिसत नाही, केंदाळ, म्हणजे जलपर्णी दिसते. त्याला खाद्य पुरवतं हेच खत आणि शहराचं सांडपाणी. खाली तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. त्यात कारखान्यांचं मळीचं सांडपाणी आहे, गटारं आहेत, सगळ्यांचा वाटा आहे. पण माझ्या माहेरच्या उसाचाही आहे, हे मला नाकारता येत नाही. शिरोळकडं तर पाणी आणि खत इतकं झालं की हजारो एकर रान क्षारपड, म्हणजे खारवट झालं. तिथल्या उसाचा गूळ जिभेवर खारट लागतो.

भेंडीची गोष्ट सांगायची राहिली. ती आमच्या बांधावर आपोआप उगवायची. तणनाशक आलं, बांध स्वच्छ झाले, भेंडी गेली. मळी काढायला भेंडी नाही म्हणून पावडर, जास्त नत्रामुळं गूळ काळा म्हणून पावडर, सौद्यात पिवळं मागतात म्हणून पावडर. आण्णांना मी कधीच दोष दिला नाही. घरातली चार तोंडं त्या रंगावर जगत होती.

म्हणून पिवळा गूळ ठेवत नाही. पण काळा दिसला म्हणून डोळे झाकून घेऊ नका, हेही तितक्याच तळमळीनं सांगते. काळा गूळ हा युरिया जास्त झालेल्या उसाचा असू शकतो, मळी नीट न काढलेला असू शकतो, करपलेला असू शकतो. हल्ली काळ्याला मागणी आली तर मुद्दाम काळा करणारेही आहेत, आणि साखर विरघळवून केलेला गूळ तर दोन्ही रंगांत मिळतो. चांगल्या रानातल्या, बेतानं खत दिलेल्या उसाचा गूळ भेंडीच्या पाण्यानं केला तरी फिकट सोनेरी येतो. तो रंग मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा विचारायचंच असेल तर रंग विचारू नका. कुणाच्या गुऱ्हाळातला, कुठल्या रानातला, मळी कशानं काढली, हे विचारा.

आणखी एक. "डायबेटीस आहे, गूळ चालेल ना?" असंही विचारतात. नाही चालत. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण बहुतेक सगळी साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं वरून घातलेली सगळी मिळून साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम असं सांगितलंय, त्यात गूळही धरायचा. गुळाची दुकानदार असून मी हे सांगते, कारण साखर वाढलेलं गिऱ्हाईक माझ्यासमोर पिशवी भरत असलं की माझा हात थांबतो.

तीन वर्षांपूर्वी भावाला मी मनवलं. एक एकर बाजूला ठेवलं, युरिया निम्मा केला, शेणखत घातलं, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळायचं बंद केलं आणि बांधावर भेंडी मुद्दाम लावली. पहिल्या वर्षी टनेज पडलं, भावाचं तोंड उतरलं. फरक मी दुकानाच्या दरातून भरून दिला. आमचा गूळ महाग का, याचं उत्तर तेच आहे. गेल्या हंगामात त्या एकरातला पहिला रवा फोडला तेव्हा आत कणीदार, मधाच्या रंगाचा गूळ होता. आता काहिलीजवळ जात नसलेले गुळव्या मामा खाटेवर बसून होते. मी खडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी नाकाशी नेला, मग तोंडात टाकला.

यंदा दसऱ्यानंतर गुऱ्हाळ पेटेल. ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांनी एकदा या. सकाळी लवकर या, पहिलं आदण, म्हणजे काहिलीतला पहिला रस, त्या एकरातलं असेल.