मोदक, जाहिराती आणि सीए
आज दिवसभरात नवीन एक ओळ लिहिली नाही, तरी रात्रीपर्यंत काम ब्लॉगचंच चालू होतं. उकडीच्या मोदकांची जुनी पोस्ट काढली, फोटो हलके केले कारण फोनवर पान उघडायला वेळ लागला की माणूस थांबत नाही, आणि पारी का फाटते हे लोक सगळ्यात जास्त विचारतात म्हणून ते वर घेतलं. गणपतीला अजून वेळ आहे, पण गूगलला उचलायला दिवस लागतात, ऐन चतुर्थीला टाकून काय उपयोग!

मधेच सीएंकडे जाऊन आले. ॲडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवर गूगल जाहिराती दाखवतं त्याचे, पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय येत नाहीत हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय, पण ते परदेशातून येतात म्हणून बँकेचे कागद जपून ठेवायचे हे कोणी सांगत नाही. सीए म्हणाले, खर्च दाखवायला होस्टिंग (ब्लॉगची इंटरनेटवरची जागा), डोमेन (त्याचा पत्ता), कॅमेरा सगळ्याची बिलं द्या. नारळ आणि तांदळाच्या पिठाचं पण चालेल का विचारलं तर हसले, म्हणाले आधी वाण्याकडून पावती तर आणा 😄

एक मात्र खुपतं. हाच मोदक इंग्रजीत लिहिला आणि अमेरिकेतून कोणी वाचला तर जाहिरातीचे कितीतरी जास्त मिळतात, मराठी वाचकामागे अगदीच किरकोळ. इंग्रजी भाग सुरू करतेय, धंदा आहे शेवटी, पण मराठी बंद नाही करणार.

आणि हो, एका मसालेवाल्यांना जाहिरातीचा रेट पाठवला तर म्हणे पैसे नाही, दोन किलो मसाला देतो. गोड्या मसाल्यात लाईट बिल भरता येतं का, कुणाला माहीत असेल तर सांगा.