दगडाखालचं फुरसं

फोटो काढणाऱ्या मंडळींना काळवीट, लांडगे दाखवायला मी सोलापूरच्या आसपासच्या माळांवर नेतो. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मालकाला विचारून. जूनचे पहिले पाऊस झाले की मुरमाड माळावर गाडी आरामात चालते, पण ओघळीतली काळी माती दगा देते. नान्नजच्या पलीकडे पाहुण्यांची जीप अशाच एका ओघळीत रुतली. चाकांना मातीचे एवढे थर चढले की टायरची नक्षीही दिसेना.

चाकाखाली घालायला मंडळी दगड शोधू लागली. हातमोजे सगळ्यांना दिले होते. एकाने चिखलाने बरबटले म्हणून काढले, दगड उचलला आणि ओरडलाच. खाली वीतभराहून जरासं मोठं फुरसं होतं. वेटोळी एकमेकांवर घासत करकर आवाज करत होतं.

मग जे व्हायचं तेच. एकाने दंडाला बांधायला रुमाल काढला, दुसऱ्याने ब्लेड. तिसरा सापाला मारायला दगड शोधतोय! "डॉक्टरला दाखवायला नको का?"

"नको. लांब हो बे आधी," मी म्हणालो.

आपल्याकडे मिळणारी सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. साप मारण्याच्या नादात दुसरा चावून घ्यायचा फक्त. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे कापाकापी तर अजिबात नको. घट्ट बांधलं तर हाताचं नुकसान वेगळंच.

चावा मधल्या बोटाला होता. शेजारच्या बोटातली अंगठी सूज चढायच्या आत साबणाच्या पाण्याने काढली, घड्याळही काढलं. हाताखाली जाड पुठ्ठा बांधून तो झोळीत घेतला. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारली, बाजूला वेळ लिहिली. तो दुखण्याची गोळी मागत होता. ब्रुफेनसारख्या गोळीने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दिली नाही. "दादा, मरतो का मी?" याचं उत्तर मात्र लगेच दिलं.

प्रथमोपचाराच्या पेटीपेक्षा माझा भरवसा दुसऱ्या गाडीवर जास्त. ती ओघळीत उतरवायचीच नाही, कडक जमिनीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. पाहुणे यावर हसतात, हसू देत. त्याला चालवलंही नाही, गाडी जवळ आणून उचलून आत निजवला. टेकाडावर रेंज आली तेव्हा 108 लावला. पण माळाचा पत्ता सांगत थांबण्यापेक्षा आम्हीच निघालो आणि वाटेतून सिव्हिलला कळवलं.

तिथे डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि 20 मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं, गाठ नावाला नाही. लगेच सलाईनमधून लसीच्या 10 कुप्या सुरू झाल्या. लसीची रिअॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून अॅड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं. सहा तासांनी पुन्हा तीच नळी. या वेळी रक्त घट्ट बसलं, तेव्हा नातेवाइकांनी चहा घेतला.

जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढली. ट्रॅक्टरवाल्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. प्रत्येक दगड त्याने आधी पहारीने उलटला, मगच पाय पुढे टाकला.