त्या दिवशी पप्पांचा फोन लागलाच नाही

मी कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते, सतरा वर्षं झाली. श्वसनाचा धडा तर इतका पाठ आहे की बोलता बोलता फळ्यावर फुप्फुसं काढते. आणि तरी माझ्यासमोर एका पोरीचा श्वास बिघडला तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही, सरळच सांगते.

दहावीची पोरगी. नाव नको. घर गवळ्याचं, वडील गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येतात, तरुणपणी तालमीत होते, कुस्तीत मोडलेला कान बघितला की कळतंय. पोरगी बडबडी, अस्सल इथली, म्हणजे "मी आलो, मी गेलो, मी जेवलो" असं बोलणारी. नोव्हेंबरात चाचणीच्या वेळी एकदम उठून उभी राहिली, छाती धरली, ओठ पांढरेफटक, आणि दोन्ही हातांची बोटं आत वळून अशी घट्ट झाली की सरळच होईनात. "मॅडम, मी मरायलोय" म्हणाली. वर्गात नुसता गोंधळ. कोण म्हणतंय फिट आली, कोण कांदा शोधायलंय, शिपाईमामांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला, एका सरांनी तर दारातूनच "पेपरच्या दिवशी नाटकं असतात ओ ही" म्हणून निकाल लावून टाकला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, ऑक्सिजन नॉर्मल. तिथं पोचेपर्यंत बोटं सुटली पण होती.

मग पुढं मी जे केलं ते मला तेव्हा फार मायेचं वाटत होतं. तिला जरा धडधडायला लागलं की मी लगेच तिच्या पप्पांना फोन लावायची, ते हातातलं काम टाकून गाडीवर यायचे आणि घेऊन जायचे. रंकाळा दिसेपर्यंत पोरगी ठणठणीत. त्यावरून स्टाफरूममध्ये "बघा, नाटकच" हे आणखी पक्कं झालं, आणि मी भांडायची की नाही ओ, बोटं कुणी मुद्दाम अशी वळवून दाखवा बघू. पण एक गोष्ट मलाही दिसत होती आणि मी बघत नव्हते. आधी नुसतं गणिताच्या पेपरला व्हायचं, मग गणिताच्या तासाला व्हायला लागलं, मग प्रार्थनेला, आणि डिसेंबरात तर शाळेचं गेट दिसलं की. आठवड्यातले तीन दिवस गैरहजर. आजी जोतिबाला घेऊन जाऊन आली, गुलाल लावून आली पोरगी, दोन दिवस बरी होती, परत तेच.

मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं जाऊया म्हणलं तर वडील भडकले. "माझी पोरगी येडी हाय व्हय मॅडम? आमच्या घरात कोण भित्रं न्हाई." मग मी वाद घातला नाही, 14416 नंबर दिला, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास चालू असतो. म्हणलं डॉक्टरकडं नका जाऊ, नुसता फोन करा. आमच्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून तो एवढा मोठा माणूस हळू आवाजात बराच वेळ बोलला. बाहेर आला आणि स्वतःच म्हणाला, कुठल्या डॉक्टरकडं जायचं ते सांगा.

राजारामपुरीत गेलो. आईला जमत नव्हतं म्हणून मी सोबत गेले. डॉक्टरांनी आधी सगळे रिपोर्ट बघितले, थायरॉईड करून घ्या म्हणाले, दमा आहे का विचारलं, आणि मग सांगितलं की हा पॅनिक अटॅक. बोटं का वळतात ते त्यांनी सांगितलं आणि मला जमीन फाटावी असं झालं. भरभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. म्हणजे हवा कमी नसतेच, उलट जास्त चाललेली असते. माझाच धडा की ओ हा! वडिलांना मात्र वेगळंच पटलं. "म्हणजे दम सोडायला येत न्हाई हिला. बैठका मारताना पण तेच की, घेतोय सगळेच, सोडत न्हाईत." डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. कागदी पिशवीत श्वास घ्यायचं कुणीतरी सांगितलेलं, ते करू नका म्हणाले, दुसरं काही दुखणं असलं तर अंगाशी येतं.

मग विचारलं, अटॅक आला की काय करता? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, लगेच घरी पाठवतो. तर म्हणाले ते बंद करा. दहाएक मिनिटांत तो शिगेला जातो आणि मग आपला आपण उतरतो, पण ही शाळेत असताना उतरलेला हिनं कधी बघितलाच नाही, त्यामुळं हिचा मेंदू काय शिकला, तर घरी पळालो म्हणून वाचलो. मला बोलायलाच काही राहिलं नाही. दीड महिना मी तेच शिकवत होते तिला, प्रेमानं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो. जानेवारी, प्रिलिम, गणित भाग 1, 40 मार्क, दोन तास. तिची जागा दाराशेजारी ठेवलेली, काही व्हायला लागलं तर विचारायचं नाही, कंपास पेटी पालथी घालून बाहेर यायचं असं ठरलेलं. 11 वाजून 20 मिनिटांनी पेटी पालथी पडली.

बाहेर पायरीवर आलो आणि तिचा अवतार बघून मी डॉक्टरांचं सगळं विसरले. खरं सांगते, पहिल्यांदा फोनच काढला. पप्पांचा फोन बंद. परत लावला, बंद. तिसऱ्यांदा बंद.

"पप्पा येत्यात न्हवं?"

"फोन लागंना गं."

"म्हंजे?"

"म्हणजे आता आपण दोघीच."

ती रडायला लागली, मी म्हणलं शांत हो शांत हो, तर त्या अवस्थेतही माझ्यावर खेकसली, "होता येत असतं तर झालो नसतो व्हय!" एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतकं बरोबर झापलेलं नाही. मग मी गप बसले. घड्याळ काढून पायरीवर दोघींच्या मध्ये ठेवलं. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मी मोठ्यानं मोजायची, तिला तीनच्या पुढं जमेना, म्हणलं तीन तर तीन. मध्येच सगळं परत वर उसळायचं, "आता जातो मी" म्हणून माझं मनगट धरायची, नखं रुतलेली. मग म्हणलं बाई, दिसतंय ते सांग. झाड. सायकली. सरांची गाडी. तुमची चप्पल. आवाज सांग. रस्त्यावरनं उसाचे ट्रॅक्टर चाललेले, दोन दोन ट्रॉल्या मागं आणि टेप फुल्ल, बाकीचं काही ऐकूच येईना, तर म्हणाली, "हे गाणं मला आवडत न्हाई." वास सांग. समोरच्या गाड्यावर मिसळीचा कट उकळत होता. नाकानं वास घ्यायचा म्हणून तिनं पहिल्यांदा सावकाश श्वास घेतला, माझ्या मोजण्यानं नाही.

11:37 ला बोटं सैल झाली. हात डोळ्यांसमोर धरून, उघडझाप करून बघत बसली. मग माझ्याकडं वळली.

"मॅडम, इथंच गेला."

"हं."

"घरी न जाताच गेला की ओ."

नळावर तोंड धुतलं आणि आत गेली. मी तिथंच बसून राहिले कारण माझेच पाय थरथरत होते. वेळ वाढवून द्या असं मी सुपरविजनवाल्या सरांना सांगायला गेले, तेच ते नाटकंवाले सर, तर ते म्हणाले ती नको म्हणाली. (त्यांचं मत त्या दिवशी बदललं असं काही नाही. अजून नाटकंच म्हणतात, फक्त माझ्यासमोर नाही.)

साडेबाराला वडील धापा टाकत गेटात. फुलेवाडीच्या रस्त्यावर ट्रॉली पलटी होऊन सगळं जाम झालेलं, त्यात फोनचं चार्जिंग संपलेलं, हॉटेलात दूध घालताना पाच मिनिटं लावला तर माझ्या मिस कॉलचे मेसेज आले.

"कुठं हाय?"

"पेपर लिहितीय."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "मग मी थांबू का जाऊ?" म्हणलं जावा तुम्ही, बिनघोर जावा. गेले नाहीत. गाडी झाडाखाली लावून, रिकाम्या किटल्यांवर हात ठेवून घंटा होईपर्यंत उभे होते. एक वाजता पोरं बाहेर पडली, ती मैत्रिणीशी कुठल्यातरी समीकरणावरून तावातावानं भांडत आली, वडील दिसले आणि थांबली.

"पप्पा? तुम्ही कशाला आलाय?"