दाभोळची खाडी ते दहिवडीचा माळ

सप्टेंबर सरता सरता कोकणातून वर घाटावर जाणारे लोक धबधब्यांपाशी थांबतात. आम्ही झाडाझुडपांपाशी थांबत गेलो. माझी मैत्रीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या वहीत दोन रकाने होते: एकात त्या जागी वरचढ असलेली जात, दुसऱ्यात अधिवास, म्हणजे माती, उतार, पाऊस, पाण्याचा निचरा. दोन्ही रकान्यांतून तिथल्या वनस्पतींच्या समूहाचं एकच नाव निघतं का, हे तिला रस्ताभर बघायचं होतं. गाडी चालवणं आणि शंका काढणं ही कामं माझ्याकडे.

दाभोळच्या खाडीत शंकेला वावच नव्हता. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात समुद्राच्या बाजूला पांढरी चिप्पी आणि तिवर, थोडं आत आधारमुळांवर तोललेली कांदळं, आणि गोडं पाणी मिसळतं तिथं काठाला मारांडीची काटेरी झुडपं. दिवसातून दोनदा खारं पाणी आणि पायाखाली हवा नसलेला गाळ. हे सोसणाऱ्या जाती मोजक्याच, त्यामुळे झाडाचं नाव घेतलं की जागा कळते. तिवराची श्वासमुळं चिखलातून उभी वर आली होती, त्यांच्यातून पाय टाकायचं धाडस मी केलं नाही.

खेड, पोलादपूर मागे टाकलं. या पट्ट्यात ऐन, किंजळ, नाना अशी ओलसर पानझडी झाडं आहेत, पण राबासाठी, म्हणजे शेत भाजायला, फांद्या तोडतोडून ऐनाचे खांब झालेत आणि मधेमधे काजूच्या बागा घुसल्यात. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

आंबेनळी घाट चढताना मात्र मला एक रेघ हवी होती. इथं पानझडी संपलं, इथं सदाहरित सुरू झालं, असं बोट ठेवून सांगता येईल अशी. ती काही सापडेना. किंजळ विरळ होत गेला, ओढ्यांच्या घळीत जांभूळ दाट झालं, हिरडा मधेच दिसायचा, पुन्हा गायब व्हायचा. कारवी उतारभर होतीच. “रेघ शोधू नकोस,” मैत्रीण म्हणाली. “शंभर वर्षं लोक त्यावर भांडतायत.” अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्सनं 1916 मध्ये वनस्पतींचा समूह हा जणू एक जीवच आहे, तो जन्मतो, वाढतो, पक्व होतो, अशी मांडणी केली. हेन्री ग्लीसननं 1926 मध्ये ती खोडली. त्याचं म्हणणं, प्रत्येक जात आपापल्या सोयीनं जागा धरते आणि समूह म्हणजे त्यांची त्या जागेपुरती गाठ. घाटातल्या धुक्यात मला तरी ग्लीसन पटला.

महाबळेश्वरला आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. इथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेलं वर्ष कोरडंच. तरी जंगल सदाहरित, आणि बुटकं. जांभ्यावर मातीचा थर पातळ, त्यावर पावसाळ्यातला वारा. अंजनीची जाड, काळपट हिरवी पानं सगळीकडे, मधून जांभूळ, पानांची पांढुरकी पाठ दाखवणारा पिसा, पारजांभूळ.

या एकाच जंगलाला दोन नावं आहेत. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधल्या पास्कल यांच्या पद्धतीनं ते ‘अंजनी–जांभूळ–पिसा’ प्रकारचं. वनशास्त्रज्ञ चॅम्पियन यांनी 1936 मध्ये भारतातल्या वनप्रकारांची मांडणी केली आणि 1968 मध्ये ती सेठ यांच्याबरोबर सुधारली. त्यांच्या 16 गटांत हेच जंगल आठव्या गटात, उपोष्ण डोंगरी रुंदपर्णी वनांत जातं. पहिलं नाव झाडांवरून, दुसरं हवामान आणि उंचीवरून. पहिलं ऐकून डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं, म्हणून माझं मत त्याला. मैत्रिणीला ते फसवं वाटतं.

का, ते तिनं करून दाखवलं. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखला, खोडं मोजली, छातीच्या उंचीवर घेर घेतले. खोडांची संख्या धरली तर अंजनी पुढे. जुन्या तोडीनंतर एकेका बुडख्यातून चार-पाच फुटवे आलेले. खोडांनी व्यापलेली जागा धरली तर दोनच जाडजूड जांभळं सगळ्यांवर भारी. मग वरचढ कोण? अभ्यासक यावर तोड म्हणून संख्या, किती चौकोनांत आढळ आणि खोडांचा व्याप या तिन्हींची टक्केवारी मिळवून 300 पैकी एक आकडा काढतात. आकडा मिळतो. पण अंजनीचं संख्याबळ जमिनीचं किती आणि कुऱ्हाडीचं किती, हे तो सांगत नाही.

पाचगणीत हा प्रश्न विनोदी होतो. रस्त्याकडेची झाडं नुसती मोजली तर वरचढ जात सिल्व्हर ओक, मूळची ऑस्ट्रेलियातली. टेबललँडवर नेमकी उलट अडचण: वरचढ म्हणावं असं झाडच नाही. सपाट जांभा, त्यावर बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, किडे खाणारी दवबिंदू. पाणी साचणारा खळगा, खडकाची भेग, जरा जास्त मातीचा तुकडा, हातभर अंतरावर वस्ती बदलते. इथं अधिवासाचा रकाना भरून वाहिला आणि जातींच्या रकान्यात तिनं नुसतं ‘हंगामी’ लिहिलं.

पसरणी घाट उतरून वाईला आलो की पाऊस हजार मिलिमीटरच्याही खाली येतो. महाबळेश्वरपासून अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. पुढे फलटणवरून दहिवडीकडे माण तालुक्यात तो 500च्या आसपास. हिवर, बाभूळ, खैर सुटे सुटे, आणि मधे लांबवर गवत. चॅम्पियन–सेठ यांच्या यादीत हा भाग काटेरी वनांत मोडतो, त्यामुळे उघडा माळ म्हणजे बिघडलेलं जंगल असा समज होतो. 1973 मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ आवरणाचे पाच प्रकार केले. त्यात हा माळ ‘सेहिमा–डायकँथियम’, म्हणजे पवन्या–मारवेल या गवतांचा. अलीकडे काही संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या-कथांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले, त्यांतही उघड्या माळावरची काटेरी झाडं बरीच निघाली. माळ आज-कालचा नाही.

तिथं मेंढ्या घेऊन उभ्या असलेल्या मामांना मैत्रिणीनं गवतं विचारली. “ह्यो पवन्या, त्यो मारवेल. ही कुसळी, आत्ता खात्यात. दिवाळीनंतर कुसळं लोकरीत शिरत्यात, कातड्यात रुतत्यात. मंग आमी कोकणात.” म्हणजे आम्ही आलो त्याच्या उलट दिशेनं, दरवर्षी, चालत.

समोरच्या टेकडीवर समतल चर खणून ग्लिरिसिडियाच्या रांगा लावल्या होत्या. माती तीच, पाऊस तोच. तिकडे मेंढ्या नेता का, मी विचारलं. “तिकडं चराई बंद हाय. आन् सावलीत गवात बी ऱ्हायलं न्हाई,” मामा म्हणाले. चारा कमी पडतोय, यंदा दिवाळीच्या आधीच निघावं लागंल, हेही त्यांनी सांगितलं.