फॉस्फेट चढलं की उतरलं, आधी ते पाहा

मेंदूच्या आजारांवरच्या लेखांत 'अमुक कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) वाढलं' हे वाक्य हमखास सापडतं. वाढलं म्हणजे नेमकं काय झालं? पेशीत संकेत पोचवणारी कित्येक प्रथिनं अंगावर फॉस्फेट कुठे बसलंय त्यावर चालू-बंद होतात. नुसतं प्रमाण पाहून काही कळत नाही. जीएसके-३ बीटा या कायनेजचंच घ्या. त्याच्या नवव्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लागलं की हे एन्झाइम मंदावतं, आणि इन्सुलिनचा निरोप एकेटी कायनेजमार्फत नेमका तिथेच येतो. म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिनं पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फेट लागलेल्या सेरीन-९ ची पट्टी गडद दिसली तर जीएसके-३ थंडावलंय. अर्थ उलटा लावणारे कमी नाहीत.

अल्झायमरमध्ये जीएसके-३ आणि सीडीके-५ ही दोन्ही कायनेजं टाऊ या चेतापेशींतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. मेंदूतलं सर्वांत लांब टाऊ ४४१ अमिनो आम्लांचं, आणि फॉस्फेट बसू शकेल अशा जागा त्यात ८० हून जास्त. निरोगी मेंदूत दर रेणूमागे दोन-तीन फॉस्फेट असतात, अल्झायमरमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट. असं लदलेलं टाऊ मायक्रोट्यूब्यूलवरून (पेशीतल्या आधार देणाऱ्या सूक्ष्म नळ्यांवरून) सुटतं आणि त्याचे गुंते होतात. सीडीके-५ चा जोडीदार पी-३५ एरवी पेशीच्या पटलाला बांधलेला असतो. पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्पेन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम त्याला कापतं. उरलेला पी-२५ पटलापासून मोकळा होतो आणि लवकर मोडतही नाही, त्यामुळे सीडीके-५ चालूच राहतं.

पण सगळा दोष कायनेजांवर टाकणं मला पटत नाही. फॉस्फेट उतरवायचं काम कोण करतं? मेंदूत टाऊपुरतं सुमारे ७० टक्के काम एकट्या पीपी-२ए या फॉस्फेटेजचं (फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमचं), आणि ते तापमानाला फार नाजूक. उंदराला भूल देऊन गरम पॅडशिवाय ठेवलं तर त्याचं अंग गार पडतं. कायनेजंही मंदावतात, पण पीपी-२ए जास्त मंदावतं, आणि टाऊवर फॉस्फेट चढत जातात. हा थंडीचा परिणाम औषधाच्या नावावर खपू शकतो. म्हणून गुदाशयात प्रोब ठेवून तापमान ३७ अंशांवर राखा आणि ते नोंदवाही. मृत्यूनंतर मेंदू काढायला उशीर झाला तर नेमकं उलट घडतं, फॉस्फेट भराभर उतरतात. शवविच्छेदनातल्या 'निरोगी' मेंदूचं टाऊ त्यामुळे असतं त्याहून स्वच्छ दिसतं. जिवंतपणी घेतलेल्या ताज्या बायोप्सीत मात्र अल्झायमरमधल्याच बऱ्याच जागांवर फॉस्फेट सापडतात.

मेंदूचा नमुना फोडताना फॉस्फेट उतरू नयेत म्हणून बफर द्रावणात फक्त व्हॅनाडेट घालून भागत नाही. ते टायरोसीन फॉस्फेटेजांना अडवतं, पण टाऊवरच्या बहुतेक जागा सेरीन-थ्रिओनीनच्या. त्यासाठी सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर लागतं. व्हॅनाडेट १ मिलिमोलर, तेही सक्रिय केलेलं. २०० मिलिमोलरचं द्रावण करून पीएच १० ला आणा. आम्ल पडताच ते पिवळं होतं. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच पुन्हा १० ला आणा. रंगहीन राहून पीएच टिकेपर्यंत हेच चालू ठेवा. तो पिवळा रंग एकमेकांना चिकटलेल्या दहा-दहा व्हॅनाडेटचा. त्या रूपात त्याचा उपयोग होत नाही. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी ही रसायनं जास्त असतील तरी व्हॅनाडेट वाया जातं.

ब्लॉट दुधात ब्लॉक करू नका (म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा दुधाने झाकू नका). दुधातल्या केसीन या प्रथिनावर फॉस्फेट असतं, त्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. टीबीएसटी या बफरमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, आणि फॉस्फेट लागलेलं रूप ओळखणाऱ्या फॉस्फो-अँटिबॉडीशेजारी एकूण प्रथिनाची अँटिबॉडी हवीच.

औषधांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात टीएससी-१ किंवा टीएससी-२ जनुक बिघडून पेशीची वाढ चालवणाऱ्या एमटॉर कायनेजवरचा ब्रेकच जातो, त्यामुळे एमटॉर अडवणारं एव्हरोलिमस तिथे झटके आणि गाठी दोन्हींवर उपयोगी पडतं. जीएसके-३ अडवणारं टायडेग्लुसिब मात्र अल्झायमरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत चाललं नाही. जीएसके-३ इतकी कामं करतं की सगळीकडे एकदम दाबणं परवडत नाही.

रक्तातल्या फॉस्फो-टाऊ २१७ ची (२१७ व्या जागेवर फॉस्फेट असलेल्या टाऊची) अल्झायमरसाठीची चाचणी आता दवाखान्यापर्यंत आली आहे. मूत्रपिंडं बिघडलेली असली तरी हा आकडा वाढतो. क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय तो वाचू नका.